जमिनीलगतचा ओझोन आणि आपल्या शहराचा हवा आराखडा

पाषाणकर | ११ एप्रिल, रात्री ९.४०

पुणे महानगरपालिकेचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल कायद्याप्रमाणे दरवर्षी ३१ जुलैपूर्वी सभागृहापुढे ठेवावा लागतो. त्याआधी आपल्या भागातील रहिवाशांच्या वतीने एक लेखी निवेदन द्यावे असे आमच्या सोसायटीत ठरले आहे आणि त्याचा मजकूर पक्का करण्यासाठी हा धागा काढत आहे. विषय मुद्दाम एवढाच ठेवला आहे: जमिनीलगतचा ओझोन आणि त्यासाठी शहराने करायचे नियोजन. धूळ आणि फटाके यांवर येथे पूर्वी शेकड्याने प्रतिसाद आलेले आहेत. तेही विषय महत्त्वाचेच आहेत, पण त्यांची चर्चा त्या त्या धाग्यांवर व्हावी.

या विषयाकडे मी वळलो तो एका नोंदवहीमुळे. माझ्या आईला दम्याचा त्रास आहे आणि तिला इनहेलर कोणत्या वेळी घ्यावा लागतो हे डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी तीन महिने लिहून ठेवत होतो. थंडीत तो पहाटे लागत असे, यात नवल नव्हते. मार्च संपत आला तशी ती वेळ सरकत दुपारी तीन-साडेतीनवर आली, आणि तेव्हा तर खिडकीबाहेर आभाळ निळे असायचे, टेकडीवरची झाडे मोजता यावीत इतकी स्वच्छ दिसायची. एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही हे मला कळते. तरीही ‘सफर’ या हवेची गुणवत्ता मोजणाऱ्या सरकारी यंत्रणेचे तासागणिक आकडे पाहू लागल्यावर लक्षात आले, की सूक्ष्म कणांचा आलेख ज्या वेळी उतरलेला असतो नेमका त्याच वेळी ओझोनचा आलेख चढलेला असतो.

ओझोन कोणत्याही धुराड्यातून किंवा सायलेन्सरमधून बाहेर पडत नाही. वाहने, जनरेटर आणि भट्ट्या यांतून निघणारी नायट्रोजनची ऑक्साइडे आणि पेट्रोल, थिनर, रंग, शाई यांतून उडणारी बाष्पशील सेंद्रिय संयुगे कडक उन्हात एकत्र आली, की तो हवेतच तयार होतो. म्हणूनच पुण्यात त्याचा जोर उन्हाळ्यात असतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये ढग दाटले की तो तळाला जातो. याहून चमत्कारिक गोष्ट अशी, की गाड्यांच्या ताज्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकतो. त्यामुळे भर चौकात ओझोन कमी आणि वाऱ्याच्या दिशेने काही किलोमीटर पुढे, जेथे लोक मोकळ्या हवेसाठी घर घेतात तेथे तो जास्त, असे घडते.

नोव्हेंबर २००९ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय मानकांत ओझोनसाठी आठ तासांच्या सरासरीची मर्यादा १०० आणि एका तासाची १८० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. म्हणजे मानक आहे. नाही ते उद्दिष्ट. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात पुणे आहे, परंतु तो कार्यक्रम कणांपुरता आहे: २०१७ च्या तुलनेत आधी २० ते ३० टक्के घट, आणि पुढे सुधारून २०२५-२६ पर्यंत ४० टक्के. ओझोनचे उद्दिष्टच नसल्यामुळे तो वाढला म्हणून कोणाला जाब द्यावा लागत नाही.

निवेदनात फक्त ‘ओझोन कमी करा’ एवढेच लिहिले तर त्याचा उपयोग होणार नाही. कोणता घटक किती घटवला म्हणजे तो कमी होईल, हे आधी शहराने शोधून जाहीर करावे, ही माझ्या मते पहिली मागणी असावी. मते कळवावीत.

शंकेखोर | ११ एप्रिल, रात्री १०.२५

प्रश्न बाळबोध वाटल्यास क्षमा असावी. ओझोन वाचवा म्हणून १६ सप्टेंबरला शाळेत आम्ही चित्रे काढत होतो. तो थर विरळ झाला म्हणून साऱ्या जगाने करार केला, आणि आता तोच वायू कमी करण्यासाठी महापालिकेला निवेदन द्यायचे? शिवाय हवेचा निर्देशांक तर रोज मोबाइलवर दिसतो. ओझोन एवढा वाईट असेल तर तो त्यात मोजला जात नाही काय?

पाषाणकर | ११ एप्रिल, रात्री १०.५०

रेणू तोच आहे, फक्त जागा वेगळी आहे. वीस-पंचवीस किलोमीटर उंचीवर तो अतिनील किरण अडवतो, आणि नाकाशी आला की फुप्फुसाच्या अस्तराला इजा करतो. खालचा ओझोन वर जाऊन तेथली तूट भरून काढत नाही.

निर्देशांकात तो मोजला जातो. आठ प्रदूषकांपैकी तो एक आहे. परंतु ज्या प्रदूषकाचा उपनिर्देशांक सर्वांत जास्त, तोच अंतिम आकडा म्हणून दाखवला जातो, आणि आपल्याकडे ते स्थान बहुधा कणांना मिळते. वर्गात पहिला कोण आला हे सांगितले, म्हणून बाकीचे उत्तीर्ण झाले असे होत नाही.

भोसरीचा रबरवाला | १२ एप्रिल, सकाळी ७.१५

आयुष्याची एकतीस वर्षे रबराच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काढली आहेत, म्हणून या वायूशी माझी ओळख तुमच्यापेक्षा जुनी आहे असे म्हणता येईल. गाड्यांच्या दारांना लागणारी रबरी पट्टी पास करण्यापूर्वी ती वीस टक्के ताणून, चाळीस अंश तापमानाला, ओझोन भरलेल्या पेटीत टांगावी लागे. पेटीतला ओझोन असे दहा कोटी भागांत पन्नास, म्हणजे बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट. ठरावीक तासांनी पट्टी काढून भिंगाखाली धरायची. ओझोनची चीर ओळखू येते, कारण ती नेहमी ताणाला काटकोनात पडते. उन्हाने पडणाऱ्या भेगा कोळ्याच्या जाळ्यासारख्या सगळ्या दिशांना जातात. टायरमध्ये ओझोनरोधक रसायन आणि मेण घालतात ते याचसाठी.

सांगायचे कारण असे, की लॉस एंजेलिसमध्ये १९४० च्या दशकात धुरके दाटू लागले तेव्हा त्यात ओझोन असल्याचा एक पुरावा रबरानेच दिला होता. त्या शहरात टायर लवकर चिरतात ही तक्रार होतीच. हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने मोटारींचा धूर आणि पेट्रोलची वाफ उन्हात ठेवून ओझोन तयार होतो हे दाखवले, आणि रबराच्या पट्टीवरील चिरा हे मोजमाप म्हणून वापरले. आपल्याकडेही एखाद्या गच्चीवर हा प्रयोग करता येईल. शास्त्रीय यंत्राची जागा तो घेणार नाही, परंतु नगरसेवकाच्या टेबलावर आलेखापेक्षा चिरलेली पट्टी ठेवणे सोपे असते, असा माझा अनुभव आहे.

ऑस्टिनकर | १२ एप्रिल, सायंकाळी ६.३०

मी बावीस वर्षांपूर्वी पुणे सोडले आणि तेव्हापासून टेक्सासमधील ऑस्टिनला राहतो. पाषाणकरांनी स्थानिक नियोजनाचा विषय काढला आहे, म्हणून येथे ते कसे झाले ते सविस्तर लिहितो. मात्र ही यशोगाथा म्हणून वाचू नये.

अमेरिकेत एखादा प्रदेश ओझोनच्या मानकाबाहेर गेला, की त्यावर ‘अप्राप्ती क्षेत्र’ असा शिक्का बसतो. मग नव्या कारखान्यांना परवाने अवघड होतात आणि रस्त्यांच्या निधीलाही अटी लागतात. शिक्का बसण्याच्या भीतीने ऑस्टिन आणि भोवतालच्या पाच परगण्यांनी (ट्रॅव्हिस, विल्यमसन, हेज, बॅस्ट्रॉप आणि काल्डवेल) २००२ च्या डिसेंबरात राज्य आणि केंद्राच्या पर्यावरण यंत्रणांशी एक करार केला. कायद्याने मुदत लागू होण्याआधीच आम्ही आमचा आराखडा करतो, ठरलेले उपाय २००५ अखेर लागू करतो आणि २००७ अखेर मानक गाठून दाखवतो, तोवर शिक्का पुढे ढकला, असा त्याचा सारांश होता. दर सहा महिन्यांनी प्रगतीचा अहवाल द्यायचा होता आणि टप्पा चुकला तर सवलत रद्द होणार होती.

या करारातली मला सर्वांत शिकण्याजोगी वाटलेली गोष्ट म्हणजे त्याचा भूगोल. ऑस्टिन शहराने एकट्याने काहीही केले असते तरी ते अपुरे पडले असते, कारण रोज सकाळी गाड्या विल्यमसनमधून येतात आणि दुपारी ओझोन वाऱ्याबरोबर तिसरीकडेच जातो. तरीही पाचही परगण्यांनी सगळे उपाय एकसारखे स्वीकारले नाहीत. वार्षिक वाहन तपासणीत धुराची चाचणी सप्टेंबर २००५ पासून फक्त ट्रॅव्हिस आणि विल्यमसन या दोन परगण्यांत आली. बाकीच्यांनी ती नको म्हटले आणि दुसरे उपाय घेतले: जड वाहनांनी उभ्या जागी पाच मिनिटांपेक्षा जास्त इंजिन चालू ठेवायचे नाही, टँकर रिकामा करताना पेट्रोलची वाफ परत टँकरमध्ये घ्यायची, आणि रॉकेलसारखे द्रावक मिसळून पातळ केलेले डांबर वापरण्यावर बंधन. हे शेवटचे वाचताना पुण्यातील मे महिना आठवला. पावसापूर्वी रस्ते उरकायचे म्हणून डांबरीकरणाची घाई आपण नेमकी ओझोनच्या हंगामात करतो.

ऑस्टिन तेव्हा मानकात राहिले आणि २०१५ साली मर्यादा ७० पीपीबीपर्यंत (हवेच्या शंभर कोटी भागांत ७० भाग) खाली आणल्यावरही काठावर का होईना पण राहिले. डेन्व्हरने असाच करार केला होता, परंतु २००७ च्या उन्हाळ्यात आकडे चढले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याच्यावर शिक्का बसला. आमच्यापासून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवरच्या सॅन अँटोनियोने जुने मानक गाठले, पण नव्या मानकाने त्याला २०१८ मध्ये पकडले. दोन्ही ठिकाणी प्रयत्न झालेच होते. हवेत येणारा ओझोन बराचसा बाहेरून वाहत येतो, आणि गेल्या वीस वर्षांत झालेल्या घटीचा मोठा वाटा नव्या गाड्यांच्या केंद्रीय मानकांचा आहे, स्थानिक समित्यांचा नाही. समितीचे काम उरलेल्या दोन-चार पीपीबीचे असते. शिक्का बसणार की टळणार हे मात्र त्या दोन-चारांवरच ठरते.

आधी धूळ | १३ एप्रिल, दुपारी १.०५

धागाकर्त्यांनी विनंती करूनही हे लिहिणे मला भाग आहे. आमच्या इमारतीला लागून दोन वर्षे बांधकाम चालू आहे. घरात सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येते. हिरवे कापड लावा एवढी साधी सूचना अमलात आणवताना आमची दमछाक झाली, आणि तुम्ही न दिसणाऱ्या वायूचे रसायनशास्त्र घेऊन महापालिकेकडे निघाला आहात. निधी कणांसाठी येतो, तर मागणीही कणांचीच असावी. दोन गोष्टी मागितल्या की एकही पदरात पडत नाही.

पाषाणकर | १३ एप्रिल, रात्री ८.२०

आपला त्रास खरा आहे आणि तो या निवेदनाने सुटणार नाही, हेही मान्य आहे. परंतु निधी ज्याचा येतो त्याचीच मागणी करावी हा नियम धरला, तर नवा विषय कधीच उभा राहणार नाही.

शिवाय एक धोका आहे, आणि त्यासाठीच पहिली मागणी मी अभ्यासाची ठेवली. सेंद्रिय वाफा तेवढ्याच ठेवून नायट्रोजनची ऑक्साइडे थोडी कमी केली, तर काही शहरांच्या मध्यभागी ओझोन उलट वाढतो, कारण त्याला खाणारा नायट्रिक ऑक्साइड कमी होतो. लॉस एंजेलिसमध्ये शनिवार-रविवारी ट्रक कमी धावत, तरी ओझोन कामाच्या दिवसांपेक्षा जास्त भरे. २०२० च्या टाळेबंदीतही जगातील अनेक शहरांत हे दिसले: रस्ते रिकामे, नायट्रोजन डायऑक्साइड खाली आणि ओझोन वर. याचा अर्थ गाड्यांचा धूर चांगला असा नव्हे. त्या धुराबरोबर वाफाही कमी कराव्या लागतात, एवढाच त्याचा अर्थ. ऑस्टिनमध्ये, माझ्या वाचनानुसार, परिस्थिती उलट आहे, कारण तेथील ओक वृक्षच एवढी सेंद्रिय संयुगे सोडतात की नायट्रोजनवरच भर द्यावा लागतो. पुण्याचे कोथरूड, हडपसर आणि भोसरी या तिन्ही ठिकाणांना एकच उत्तर लागू होईल असे मला वाटत नाही. उपग्रहाला दिसणारे फॉर्माल्डिहाइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड यांच्या गुणोत्तरावरून कोणत्या भागात कशाची मात्रा निर्णायक आहे याचा प्राथमिक अंदाज बांधता येतो, आणि उष्णदेशीय हवामानशास्त्राची राष्ट्रीय संस्था तर आपल्या पाषाणातच आहे.

पंपावरचा माणूस | १४ एप्रिल, रात्री ११.१०

मी पेट्रोल पंप चालवणाऱ्या कुटुंबातला आहे. वाफेबद्दल येथे जे लिहिले गेले, त्यात प्रत्यक्षातला तपशील घालतो.

उन्हाळ्यात दुपारी टँकर खाली होत असताना भूमिगत टाकीतली हवा बाहेर पडते, आणि ती साधी हवा नसते, पेट्रोलच्या वाफेने भरलेली असते. व्हेंट पाइपच्या तोंडाशी पाहिलेत तर मागची भिंत पाण्यातून दिसावी तशी हलताना दिसते. वाफ परत टँकरमध्ये नेणारी नळी जोडली तर हे बव्हंशी टळते. परंतु नळी जोडायला वेळ जातो आणि टँकरवाल्याला पुढची खेप असते. दुसरी गळती ग्राहकाच्या टाकीशी होते. नोझल ऑटो कट झाल्यावर ‘राउंड फिगर करा’ म्हणणारे ग्राहक दिवसाला शंभर तरी भेटतात. ते पंधरा-वीस रुपयांचे पेट्रोल टाकीच्या तोंडापर्यंत येते आणि बरेचदा सांडते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, मोठ्या विक्रीच्या पंपांना वाफ परत घेणारी यंत्रणाही सांगितली गेली. यंत्रणा बसते. ती चालू आहे की नाही, हे मात्र बसवल्यानंतर क्वचितच कोणी पाहायला येते. आपल्या निवेदनात ‘यंत्रणा बसवावी’ असे लिहू नका, ‘मार्च ते मे या काळात दर महिन्याला तपासून निकाल जाहीर करावा’ असे लिहा. आणि टँकर सूर्यास्तानंतर खाली करण्याची सूचना करणार असाल तर सुरक्षेचे नियम आधी पाहून घ्या, कारण रात्री डिप रॉड टाकून माप घेताना होणाऱ्या चुका वेगळ्याच असतात.

दिंडोरीचा द्राक्षवाला | १५ एप्रिल, सकाळी ६.४५

शहराच्या धाग्यावर शेतकऱ्याने बोलावे की नाही, या विचारात दोन दिवस गेले. पण वर लिहिलेच आहे की ओझोन शहरात तयार होऊन बाहेर जातो. बाहेर म्हणजे आमच्याकडे.

द्राक्षाच्या पानाच्या वरच्या बाजूला शिरांच्या मधल्या भागात टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके पडतात, त्याचे कारण ओझोन असू शकते, हे कॅलिफोर्नियात १९५८ मध्येच मांडले गेले. मी तसे ठिपके माझ्या बागेत पाहिले आहेत असा दावा करणार नाही. औषधाच्या फवारणीचे, पालाशाच्या कमतरतेचे आणि तुडतुड्यांचे डाग त्यात एवढे मिसळलेले असतात की आमचे सल्लागारही गोंधळतात. गहू आणि भाताचे नुकसान मात्र मोजलेले आहे. वर उल्लेख आलेल्या पाषाणच्या हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे निघाले, की २००५ या एका वर्षात ओझोनमुळे देशाने या दोन पिकांचे मिळून पंचावन्न लाख टनांच्या आसपास उत्पादन गमावले. हमीभावाच्या चर्चेत हा आकडा कधी ऐकलात काय?

म्हणून विनंती एवढीच, की मोजणीचे एखादे केंद्र शहराच्या हद्दीबाहेर, वाऱ्याच्या दिशेला, शेतीच्या भागातही मागा. जेथे यंत्र नाही तेथील हवा कागदावर नेहमीच शुद्ध असते.

ऑस्टिनकर | १५ एप्रिल, रात्री ८.००

द्राक्षवाल्यांच्या मागणीला दुजोरा. आणखी एक मुद्दा मानकाच्या भाषेचा. भारतातील आठ तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम म्हणजे साधारण ५० पीपीबी होते, म्हणजे कागदावर ती अमेरिकेच्या ७० पीपीबीपेक्षा कडक आहे. भारतीय नियमाप्रमाणे वर्षातील २ टक्के वेळा मर्यादा ओलांडली तरी चालते, मात्र लागोपाठ दोन दिवस नाही. अमेरिकेत प्रत्येक वर्षातील चौथा सर्वांत मोठा दैनंदिन आकडा घेऊन तीन वर्षांची सरासरी काढतात आणि ती प्रत्येक केंद्राची स्वतंत्रपणे प्रसिद्ध होते. येथील कोणताही नागरिक आपल्या केंद्राचा तो एक आकडा सांगू शकतो. सद्यस्थिती अहवालात ओझोनची वार्षिक सरासरी छापली तर ती निरुपयोगी आहे, कारण रात्रीचे आणि पावसाळ्याचे कमी आकडे एप्रिलची दुपार बुडवून टाकतात. केंद्रनिहाय ओलांडलेल्या दिवसांची संख्या मागा.

पाषाणकर | १६ एप्रिल, रात्री ९.१५

सर्वांच्या सूचनांवरून मसुदा असा बदलला आहे. पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन्ही महानगरपालिका आणि महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांनी ओझोनकडे एकच हवाई क्षेत्र म्हणून पाहावे आणि वाऱ्याच्या दिशेला ग्रामीण भागात निदान एक केंद्र मिळवावे. सद्यस्थिती अहवालात प्रत्येक केंद्राचे मर्यादा ओलांडलेले दिवस महिन्यागणिक द्यावेत. कोणत्या भागात कोणता घटक निर्णायक आहे याचा अभ्यास स्थानिक संशोधन संस्थेकडून करून घेऊन तो जाहीर करावा. तोवर, ज्या उपायांनी कोठेही ओझोन वाढण्याची भीती नाही ते वाफांचे उपाय उन्हाळ्यापुरते तरी सुरू करावेत: पंपांची मासिक तपासणी, रस्त्यांच्या कामात रॉकेलमिश्रित डांबराऐवजी पाण्यातले इमल्शन, आणि महापालिकेच्या स्वतःच्या इमारती, दुभाजक व कठडे यांचे तेलरंगाचे काम मार्च ते मे सोडून इतर कोरड्या महिन्यांत. हे शेवटचे कलम मी घातले आहे. दुभाजकाला वर्षातून तीनदा रंग का लागतो हा प्रश्न वेगळा, तो तूर्त बाजूला ठेवतो.

वाहनांच्या पीयूसी चाचणीबद्दल कलम घातलेले नाही. त्या चाचणीत नायट्रोजनची ऑक्साइडे मोजलीच जात नाहीत, आणि ते बदलणे महापालिकेच्या हातात नाही.

आधी धूळ | १६ एप्रिल, रात्री ९.५०

इमल्शनच्या कलमाला माझा पाठिंबा आहे. आमच्या रस्त्याचे काम मे महिन्यातच निघणार आहे. सही करीन, पण पुढच्या निवेदनावर, जे धुळीचे असेल, त्यावर आपल्या सोसायटीच्या सह्या मिळाव्यात.

भोसरीचा रबरवाला | २ मे, सकाळी ७.३०

पट्ट्यांचे सांगायचे राहिले होते. ओझोनरोधक न घातलेल्या नैसर्गिक रबराच्या दोन सारख्या पट्ट्या, वीस टक्के ताणून, छपराच्या सावलीत १४ एप्रिलला टांगल्या. एक चौकातल्या भाच्याच्या दुकानावर, दुसरी पाषाणकरांच्या गच्चीवर. काल सायंकाळी दोन्ही काढून सातपट भिंगाखाली पाहिल्या. चौकातल्या पट्टीवर काजळीचा थर आहे आणि ती पुसल्यावर कडेला बारीक चिरा दिसतात. टेकडीजवळची पट्टी वरून नवी वाटते, पण वाकवून धरली की मधोमध, ताणाला काटकोनात, उघड्या डोळ्यांना दिसतील अशा चिरा आहेत. तापमानाचा फरक मी नोंदवलेला नाही, त्यामुळे यावरून निष्कर्ष काढू नये. दोन्ही पट्ट्या पाकिटात घालून, तारीख आणि जागा लिहून ठेवल्या आहेत. निवेदन द्यायला जाल तेव्हा घरी येऊन घेऊन जा. वाटेत ताणू नका.